पळून आलेल्या मुलीला परत पाठवण्याआधी

बालकल्याणाचे निर्णय देणारे न्यायाधीश, मुलांच्या प्रकरणांचा तपास करणारे पोलीस, बालगृहांचे अधीक्षक, शाळांमधले समुपदेशक, दवाखान्यांच्या तातडीच्या विभागातले डॉक्टर आणि ज्यांच्या एका सहीने एखाद्या मुलाचा पुढचा पत्ता ठरतो अशा सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

देहविक्रयात असलेल्या आणि त्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. आपली ओळख नाही, पण आपल्या दोघांच्या ओळखीची माणसं पुष्कळ आहेत. माझ्यासमोर बसणाऱ्या अनेक बायका माझ्याआधी कधीतरी तुमच्यासमोर बसलेल्या असतात. कोणी दहाव्या वर्षी, कोणी बाराव्या, कोणी चौदाव्या. तेव्हा त्या मुली होत्या. तुमच्याकडून निघाल्यापासून माझ्याकडे येईपर्यंतच्या मधल्या वर्षांबद्दल हे पत्र आहे.

आधी मागणं सांगते, कारणं नंतर. घरातून पळालेलं मूल तुमच्यासमोर आलं, तर ते कशापासून पळालं हे कळल्याशिवाय त्याला परत पाठवू नका. आणि पळून जाणं हा त्याचा दोष म्हणून कागदावर लिहू नका. एवढंच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीपाशी किती आयुष्यं वळण घेतात, हे पटवून द्यायला मला थोडी जागा लागेल.

बाहेरून पाहणाऱ्याला लहानपणीची मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड हे एका टोकाला दिसतं आणि देहविक्रय दुसऱ्या टोकाला. मग लोक या दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढतात. प्रत्यक्षात मधे बरंच काही घडतं, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जबाबदार मोठं माणूस हजर असतं. मुलगी सांगायला येते. सांगता आलं नाही तर तिच्या पाठीवरचे वळ सांगतात. तेही कोणी पाहिले नाहीत तर ती घर सोडते. या तिन्ही वेळी तिला काय उत्तर मिळालं, त्यावर पुढचं ठरत जातं.

एक फाइल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नोंदींचा अर्थ तोच ठेवला आहे. ही फाइल त्या बाईने स्वतः अर्ज करून मागवली होती. आपल्या लहानपणाबद्दल सरकारी कागद काय म्हणतात ते तिला वाचायचं होतं, आणि एकटीने वाचवेना म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली. पहिली नोंद दवाखान्याची : मनगटाचं हाड मोडलं, कारण 'पडल्यामुळे'. वय सात. दुसरी शाळेची : 'वर्गात झोपते, गृहपाठ नाही, पालक भेटायला येत नाहीत.' तिसरी पुन्हा दवाखान्याची, पुन्हा पडल्यामुळे. मग अकराव्या वर्षी पोलिसांची पहिली नोंद : 'घरातून निघून गेली, सापडली, पालकांच्या ताब्यात दिली.' त्यानंतर तशाच आणखी नोंदी, फक्त अक्षर वेगळं. मग बालगृहातला शेरा : 'हट्टी. खोटं बोलते. पळून जाण्याची सवय.' आणि पंधराव्या वर्षाच्या नोंदीत एक वाक्य होतं, जे तिने बोट ठेवून मला दाखवलं : 'मोठ्या वयाच्या पुरुषांची संगत आवडते.'

त्या एका वाक्यावर ती बराच वेळ बसून होती. मग म्हणाली, "ताई, मी यांना सांगितलं होतं. सावत्र बापाचं नाव घेऊन सांगितलं होतं. ते कुठे लिहिलंय बघा ना." आम्ही दोघींनी सगळी पानं उलटली. कुठेच नव्हतं.

त्या फाइलमधलं एकही माणूस दुष्ट होतं असं मला वाटत नाही. डॉक्टरने हाड नीट बसवलं होतं. शिक्षिकेने निदान लिहून तरी ठेवलं होतं. पोलिसांनी मुलगी शोधून काढली होती, आणि शोधणं सोपं नसतं. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि कागद पुढे सरकवला. पण सगळी पानं एकत्र ठेवून, एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं कोणी नव्हतं. ते पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती आणि वाचणारी ती स्वतः होती.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, ही एक गोष्ट झाली. एका गोष्टीवरून धोरण ठरत नाही. बरोबर आहे. म्हणून अभ्यास काय सांगतात तेही पाहू, आणि त्यांच्या मर्यादांसकट पाहू.

1981 साली मिमी सिल्बर्ट आणि आयला पाइन्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रस्त्यावर देहविक्रय करणाऱ्या किंवा केलेल्या 200 मुलींशी आणि स्त्रियांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 60 टक्के जणींवर लहान वयात लैंगिक अत्याचार झालेले होते. 2003 साली मेलिसा फार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ देशांमधल्या, देहविक्रयात असलेल्या 854 जणांच्या मुलाखतींचे निष्कर्ष मांडले. तिथे हे प्रमाण 63 टक्के निघालं. आयुष्यात कधी ना कधी डोक्यावर छप्पर नसलेले 75 टक्के होते, आणि यातून बाहेर पडायचंय असं सांगणारे 89 टक्के.

या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि त्यांत तथ्य आहे. रस्त्यावर किंवा आश्रयाला आलेल्या बायकांना विचारलं, तर सर्वांत जास्त सोसलेल्याच भेटणार. शिवाय मोठेपणी मागे वळून सांगितलेल्या आठवणींत काही गळतं, काही मिसळतं. पण याचं उत्तर देणारा एक वेगळ्या बांधणीचा अभ्यास आहे, आणि माझ्या मते तुमच्या कामासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कॅथी स्पॅट्झ विडम या संशोधिकेने उलट्या बाजूने सुरुवात केली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका महानगरी जिल्ह्यात 1967 ते 1971 या काळात न्यायालयात सिद्ध झालेली, 11 वर्षं किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांवरच्या अत्याचाराची आणि हेळसांडीची 908 प्रकरणं त्यांनी घेतली. त्याच वयाची, त्याच वस्तीतली, तशाच आर्थिक परिस्थितीतली 667 मुलं तुलनेसाठी निवडली. मग ही सगळी मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. इथे आठवणीचा प्रश्न नव्हता, कारण अत्याचाराची नोंद त्या वेळीच कागदावर आली होती. 1996 साली विडम आणि कुन्स यांनी जे प्रसिद्ध केलं ते असं : लहानपणी अत्याचार किंवा हेळसांड झालेल्या मुलींमध्ये पुढे देहविक्रयाचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त होतं. आणि हा संबंध लैंगिक अत्याचाराइतकाच हेळसांडीशीही दिसला. नुसत्या मारहाणीशी तो त्यामानाने पुसट होता.

मी इथे जरा थांबणार आहे, कारण हेळसांडीचं हे निरीक्षण माझ्या रोजच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं आणि तुमच्या फायलींमध्ये मात्र त्याला जागाच नसते. मारल्याचे वळ दिसतात, मोडलेलं हाड क्ष-किरणात दिसतं. पण ज्या मुलीची घरी कोणी वाट पाहत नाही, जी जेवली का हे कोणी विचारत नाही, जी रात्री कुठे झोपली हे सकाळी कोणाच्या लक्षात येत नाही, तिच्या बाबतीत नोंदवण्यासारखं काही 'घडलेलं'च नसतं. मला भेटणाऱ्या बायका याबद्दल फार कमी बोलतात. मारलं ते सांगतात, अत्याचार झाला तो कधीतरी सांगतात, पण दुर्लक्ष झालं हे सांगण्यासारखं त्यांना वाटतच नाही. खोदून विचारलं तर म्हणतात, "आमच्याकडे बघायला कोण होतं?" आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

दलाल मात्र नेमकं हेच हेरतो. बसथांब्यावर, फलाटावर, बाजाराच्या तोंडाशी रेंगाळणाऱ्या मुलींमध्ये कोणाची वाट कोणी पाहत नाही, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं. पहिले काही दिवस तो तिला खाऊपिऊ घालतो, कपडे घेऊन देतो, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिचं ऐकून घेतो. कितीतरी जणींनी मला सांगितलंय की आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा आयुष्यातला पहिला माणूस तोच होता. पुढे त्याच माणसाने विकलं, तरी ते ऐकून घेणं त्या विसरत नाहीत. त्याच्याविरुद्ध जबाब द्यायला त्या का तयार होत नाहीत, असा प्रश्न तपास अधिकारी मला नेहमी विचारतात. त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. आपण सगळ्यांनी जे करायला हवं होतं, ते त्याने केलं; त्याची वसुली त्याने नंतर केली.

विल्सन आणि विडम यांनी 2010 साली, विडम यांच्या वर सांगितलेल्या अभ्यासातल्याच मुलांच्या पुढच्या माहितीवरून मधली वाट शोधायचा प्रयत्न केला. घरातून पळणं, शाळेतल्या तक्रारी, किशोरवयातली गुन्हेगारी, व्यसन, लहान वयात सुरू झालेले लैंगिक संबंध अशा गोष्टी त्यांनी तपासल्या. अत्याचार झालेल्या मुलांमध्ये यांतल्या बहुतेक गोष्टी जास्त आढळल्या. पण सगळं एकत्र ताडून पाहिलं, तेव्हा अत्याचार आणि देहविक्रय यांना जोडणारा धागा म्हणून लहान वयात सुरू झालेले लैंगिक संबंध हाच घटक टिकून राहिला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या फाइलमध्ये 'संगत आवडते' असा शेरा मारला जातो, तेव्हा खरं तर सर्वांत मोठ्या धोक्याची खूण समोर असते. ती तिच्या स्वभावाच्या रकान्यात टाकली, की तिला धोका म्हणून वाचणारं पुढे कोणी उरत नाही.

अत्याचाराने मुलीच्या आत काय होतं, याची मांडणी डेव्हिड फिंकेलहोर आणि अँजेला ब्राउन यांनी 1985 साली केली. शरीराशी आणि जवळिकीशी वयाला न शोभणारे, विकृत अर्थ जोडले जातात. ज्याच्यावर विसंबून राहायचं तोच घात करतो. आपल्या 'नाही'ला काही किंमत नाही हे मनात पक्कं होतं. आणि आपणच घाण आहोत अशी लाज अंगाला चिकटते. या चारही गोष्टी घरात सुरू होतात हे खरं, पण त्या घट्ट करण्याचं काम घराबाहेरही होतं. मुलीने सांगितलं आणि तुम्ही विश्वास ठेवला नाही, तर घात दुसऱ्यांदा झाला. तिला विचारलं कुठे राहायचंय, आणि ती 'घरी नको' म्हणाल्यावरही घरीच पाठवलं, तर तिच्या 'नाही'ला खरंच किंमत नव्हती हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं.

अनेक जणी आणखी एक गोष्ट सांगतात, ती ऐकणं मला अजूनही जड जातं. लहानपणी अत्याचार होत असताना छताकडे बघत 'तिथे नसणं' त्या शिकल्या. अंग इथे, आपण दुसरीकडे. पुढे गिऱ्हाइकासमोर तेच उपयोगी पडलं. एक जण म्हणाली, "मला धंद्यात कोणी काही शिकवावं लागलं नाही. मला आधीपासून येत होतं." या बायका निर्लज्ज आहेत, त्यांना काही वाटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. काही न वाटू देणं ही त्यांनी जीव वाचवण्यासाठी कमावलेली गोष्ट आहे, आणि तिची किंमत या बायका रात्रीच्या झोपेने, अचानक उसळणाऱ्या भीतीने, दारूने आणि गोळ्यांनी चुकवत असतात.

आता एक सार्वजनिक उदाहरण, कारण यंत्रणा कशी चुकते हे इतकं स्पष्ट लिहिलेलं फार थोड्या ठिकाणी सापडतं. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम या शहराबद्दल प्राध्यापक अॅलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल 2014 साली प्रसिद्ध झाला. 1997 ते 2013 या काळात तिथे किमान अंदाजाने 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झालं होतं. त्यातल्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक प्रकरणांमधली मुलं अत्याचाराचा धोका आणि हेळसांड या कारणांनी यंत्रणेला आधीपासून माहीत होती. अहवालात असंही नमूद आहे की पोलिसांनी अनेक पीडित मुलांना तुच्छतेची वागणूक दिली. दोन वडिलांनी आपल्या मुली कुठे आहेत ते स्वतः शोधून काढलं, जिथे अत्याचार होत होते त्या घरांतून त्यांना बाहेर काढायला गेले, आणि पोलीस आल्यावर त्या वडिलांनाच अटक झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त 'आधीपासून माहीत होती' हे खटकतं. ही मुलं कुठल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हती. त्यांची नावं नोंदवहीत होती. आपण नेहमी म्हणतो की अशी मुलं शोधून काढणं कठीण आहे. पुष्कळदा ती सापडलेलीच असतात.

कायद्यांनाही हे उमगायला फार वेळ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेने कलम 19 मध्ये हिंसा आणि हेळसांडीपासून संरक्षण, कलम 34 मध्ये लैंगिक शोषणापासून संरक्षण आणि कलम 39 मध्ये पीडित मुलाचं शरीर आणि मन सावरण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. मानवी तस्करी रोखण्यासाठीच्या 2000 सालच्या पालेर्मो या आंतरराष्ट्रीय करारपत्राने स्पष्ट केलं की शोषणासाठी 18 वर्षांखालच्या मुलाला कोणी मिळवलं, नेलं किंवा ठेवलं, तर तिथे मुलाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्यावर गिऱ्हाईक शोधल्याबद्दल 18 वर्षांखालच्या मुलीला गुन्हेगार ठरवता येऊ नये, ही दुरुस्ती व्हायला 2015 साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्क राज्याने अशा मुलांना आरोपीऐवजी संरक्षणाची गरज असलेली मुलं मानणारा कायदा केला तो 2008 मध्ये. आणि जिथे कायदा बदललाय, तिथेही वागणं तितकं बदललेलं नाही. कोठडीचं नाव बदलून 'संरक्षणगृह' ठेवलं, पण दाराला कुलूप बाहेरूनच राहिलं, तर मुलीला फरक कसा कळणार? ती तिथूनही पळते. मग पुन्हा तोच शेरा.

इथे एका गैरवापराबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर या पत्राने फायद्यापेक्षा नुकसान व्हायचं. लहानपणी अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुली कधीही देहविक्रयात जात नाहीत. त्या शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात किंवा करत नाहीत, तुमच्या-आमच्यासारख्या जगतात. तसंच देहविक्रयात असलेल्या प्रत्येक स्त्रीचं बालपण हिंसक असतं असंही नाही. कोणी कर्जापायी आलेली असते, कोणी मुलांच्या पोटापायी, कोणी फसवली जाऊन. म्हणून अत्याचार झालेल्या मुलीकडे बघून 'ही आता बिघडणार' असं कोणी मनात आणलं, तरी तो तिच्यावर आणखी एक अन्याय होतो. अभ्यासांनी धोका वाढतो असं सांगितलंय. भवितव्य सांगितलेलं नाही.

आणि प्रौढ बायकांना आपलं सगळं आयुष्य एका कारणात कोंबलेलं आवडत नाही. एका बैठकीत मी लहानपणाबद्दल विचारायला लागले, तर एक जण फटकन म्हणाली, "ताई, माझा बाप कसा होता ते ऐकून तुम्ही काय करणार? आज रात्री मी आणि माझी पोरगी कुठे झोपणार, ते सांगा." तिचं बरोबर होतं. त्या दिवशी आम्ही बापाबद्दल बोललो नाही; निवारा शोधला. बापाबद्दल ती पुढे खूप दिवसांनी, आपणहून बोलली.

देहविक्रयाचा कायदा कसा असावा यावर जगात मोठा वाद आहे. स्वीडनने 1999 पासून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, विकणाऱ्या व्यक्तीला नाही. न्यूझीलंडने 2003 साली प्रौढांच्या बाबतीत तो गुन्ह्यांच्या यादीतूनच काढला. दोन्ही बाजूंना कळकळीने बोलणारी माणसं आहेत, आणि ज्यांना हा वाद घालायचा आहे त्यांनी अवश्य घालावा. पण बारा वर्षांच्या मुलीला मारणाऱ्याच्या घरी परत पाठवावं असं यातली कुठलीच बाजू म्हणत नाही. तेव्हा मोठ्या वादाचा निकाल लागेपर्यंत छोटं काम थांबवायचं कारण नाही.

ते काम काय, ते सांगते. मुलाशी एकट्याने बोला. ज्या माणसाने त्याला तुमच्यासमोर आणलं, तो बाप असो, काका असो की पोलीस, त्याच्या देखत मूल काही सांगणार नाही. पहिल्या भेटीत सांगेलच असंही नाही. म्हणून दुसऱ्या भेटीलाही तेच माणूस असू द्या. दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावणं हा छळ आहे, आणि तिसऱ्या वेळी तपशील थोडा बदलला की 'खोटं बोलते' असं लिहिलं जातं. एकदाच, शांतपणे, प्रशिक्षित माणसाने विचारावं आणि ते नीट नोंदवून ठेवावं. मुलाचे शब्द मुलाच्याच शब्दांत लिहा. तुम्हाला ते पटले नाहीत तर तुमचं मत वेगळं लिहा, पण त्याचे शब्द गाळू नका.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना एक विनंती. 'पडल्यामुळे' असं लिहिण्याआधी मागच्या नोंदी उघडून बघा. तेच मूल पुन्हापुन्हा पडत असेल तर तुमच्याइतकं लवकर ते कोणालाच कळणार नाही. शाळेतल्या शिक्षकांना माझी विनंती वर्गात झोपणाऱ्या मुलांबद्दल आहे. ती रात्री का झोपत नाहीत, एवढं एकदा विचारा, आणि मिळालेल्या उत्तरावर थांबू नका.

बालगृहांबद्दल लिहिताना मी हात आखडता घेते, कारण तिथे काम करणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. एका अधीक्षिकेकडे किती मुलं असतात, रात्रपाळीला माणूस मिळत नाही, पगार वेळेवर होत नाही. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. पण एक गोष्ट पैशाशिवायही बदलता येते. मूल पळालं आणि परत आलं, तर दारात त्याला पहिलं काय ऐकू येतं? 'कुठे तोंड काळं करून आलीस' की 'जेवलीस का'? मला भेटलेल्या बायकांना हे पहिलं वाक्य कितीतरी वर्षांनंतरही शब्दशः आठवतं.

मग अठरावं वर्ष. इथे पैसा लागतो, आणि तो द्यायला हवा. अठरा पूर्ण झाली की संस्थेचं दार बंद होतं. बाकीच्या घरांतली मुलं या वयात आईच्या हातचं जेवून कॉलेजला जात असतात आणि हिने त्याच दिवसापासून भाडं, काम, ओळखपत्र, औषधपाणी सगळं स्वतः बघावं अशी अपेक्षा असते. दलालांना हे वाढदिवस ठाऊक असतात. हे अलंकारिक बोलणं नाही. संस्थेच्या फाटकाबाहेर कोण कधी उभं राहतं हे तिथल्या मुलीच सांगतात. निदान एकविसाव्या वर्षापर्यंत खोली, थोडं विद्यावेतन आणि विचारपूस करणारं एक ओळखीचं माणूस, एवढी सोय झाली तर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी आल्याच नसत्या.

ज्या आधीच या व्यवसायात आहेत, त्यांना मदत देताना 'आधी धंदा सोड, मग बघू' ही अट काढून टाका. उपचार, निवारा, मुलांची शाळा हे मिळालं तर सोडण्याची ताकद येते. क्रम उलटा लावला तर ती कधीच येत नाही. आणि जुने गुन्हे. पंधरा-सोळाव्या वर्षी ढकलल्या गेलेल्या मुलीच्या नावावर रस्त्यावर उभं राहिल्याचे गुन्हे साठतात आणि चाळिशीत शाळेत मदतनीस म्हणून अर्ज केला की ते वर येतात. इंग्लंडमध्ये अशाच काही स्त्रिया न्यायालयात गेल्या, आणि पूर्वेतिहासाची तपासणी लागणाऱ्या नोकऱ्यांच्या वेळी असे गुन्हे सरसकट उघड करायला लावणं अन्याय्य असल्याचं उच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलं. लहानपणी आपण वाचवू शकलो नाही, त्याची शिक्षा तिने म्हातारपणापर्यंत का भोगावी?

मुलगे. त्यांच्याबद्दल या पत्रात कमी आलं, कारण माझं काम मुख्यतः स्त्रियांबरोबर आहे. पण मुलग्यांवरही अत्याचार होतात, त्यांनाही विकलं जातं, आणि त्यांना विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. पळून आलेल्या मुलग्याला चोरीबद्दल विचारतात, नशेबद्दल विचारतात. त्याच्या अंगाला कोणी हात लावला का, हेही विचारा.

शेवटी एक नेमकं काम सांगते, ते या आठवड्यातही करता येईल. एकाहून अधिक वेळा घर सोडल्याची नोंद असलेल्या मुलांच्या फायली कपाटातून बाहेर काढा. प्रत्येक फाइल एकाच माणसाला, एका बैठकीत, पहिल्या पानापासून वाचायला द्या. दवाखान्याचे आणि शाळेचे कागद त्यात नसतील तर मागवून घ्या. वाचून झालं की त्या मुलाला भेटा. भेटायला आणि बोलायला माणसं कमी पडत असतील, तर आमच्याकडे काही जणी आहेत. स्वतः या सगळ्यातून गेलेल्या, नंतर समुपदेशनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या. वर जिची फाइल सांगितली ती त्यांच्यातलीच एक. तुम्ही दिवस आणि वेळ कळवा, त्या येतील.

आपली,
एक समुपदेशक